रामेश्वरच्या पुलाचा जीर्णोद्धार
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



काशीची गंगा रामेश्वराला घालावी, ही आपल्याकडील जुनी श्रद्धा. ती कावड नेताना नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. त्याच वाटेवरील एका पुलाची हकिगत आजच्या प्रसंगी ऐकण्याजोगी आहे.

रामेश्वर हे बेट. पूर्वी यात्रेकरूंना पांबनची खाडी होडीने ओलांडावी लागे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तेथे दोन किलोमीटरांहून लांब असा रेल्वेचा पूल सुरू झाला. त्याच्या एका गाळ्यावर पोलादी कैच्यांची दोन पाती होती. जहाज आले की कामगार अंगबळाने दांडे फिरवून ती वर उचलीत. १९८८ साली रस्त्याचा पूल होईपर्यंत बेटावरील लोकांना होडीवाचून दुसरा आधार हाच.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ झाले. धनुष्कोडीजवळ पोहोचलेली पॅसेंजर गाडी लाटांनी ओढून नेली. शंभराहून अधिक माणसे गेली, धनुष्कोडी गाव उजाड झाले. पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात पडले. उचलता गाळा मात्र टिकला.

दुरुस्तीस रेल्वेने सहा महिने ठरविले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले. काम ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे आले. नवे गर्डर येण्यास वेळ लागणार होता. अशा वेळी वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडले असल्याची खबर कोळ्यांकडून मिळाली. ते वर काढून पुन्हा खांबांवर चढविण्यात आले आणि ४६ दिवसांत पूल उभा राहिला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच.

खाऱ्या वाऱ्याने पोलाद झिजतेच. डिसेंबर २०२२ मध्ये या पुलावरील गाड्या थांबल्या. शेजारी नवा पूल उभारला गेला व ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तो खुला झाला.

श्रीधरन यांचे नाव सर्वांना ठाऊक झाले. गर्डरांची खबर देणाऱ्या कोळ्यांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. आपल्या मंदिराच्या फरशीवर देणगीदारांची नावे आली, ते योग्यच झाले. परंतु ज्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या, जुने दगड निवडून पुन्हा भिंतीत बसविले, त्यांचाही या कळसात वाटा आहे. कळस चढला म्हणजे काम संपले असे नाही. दर पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहणे, गळती बुजविणे, दिवाबत्ती चालविणे, ही सेवा गावाने सोडली नाही, तरच पुढच्या पिढीच्या हाती हे देऊळ धड पोहोचेल.

ग्रामदेवता ती बुद्धी सर्वांना देवो.