पत्रिका वाचायची असते, इन्स्टॉल करायची नसते



लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येतात. त्यातच कधी ‘लग्नपत्रिका’, कधी ‘आरटीओ चलान’, कधी ‘योजनेची यादी’ अशा नावाची फाईल येते. नाव ओळखीचं, म्हणून आपण लगेच बोट लावतो. पण फाईलला नाव देतो तो पाठवणारा. पोत्यावर ‘गहू’ लिहिलं म्हणून आत गहूच असेल कशावरून?

मग ओळखायचं कसं? नावाच्या अगदी शेवटी टिंब असतं. त्यापुढची इंग्रजी अक्षरं बघा. जेपीजी म्हणजे फोटो, पीडीएफ म्हणजे कागद. एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे. नावात मध्येच पीडीएफ लिहिलेलं असलं तरी फसू नका, शेवटचीच अक्षरं खरी. आणि फोनने ‘इन्स्टॉल’ विचारलं, की तिथेच थांबा. पत्रिका वाचायची असते, इन्स्टॉल करायची नसते.

असं खोटं अ‍ॅप फोनमध्ये गेलं की आपले मेसेज वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाऊ’ दाबलं, की बँकेचा ओटीपी चोराच्या हातात. लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत की शेळीसाठी साठवलेले पैसे, खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

फाईल नणंदेच्या नंबरवरून आली तरी आधी तिला फोन करून विचारा. तिचाच फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. एपीके फाईल नुसती फोनमध्ये उतरली म्हणून घाबरू नका. इन्स्टॉल केली नसेल तर ती पुसून टाका, गटात पुढे पाठवू नका.

चुकून इन्स्टॉल झालीच, तर आधी फोनचं नेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. बँकेचा नंबर पासबुकावरून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर तक्रार करा. तो मेसेज पुसू नका, तक्रारीला लागतो. घरचे रागावतील म्हणून गप्प बसू नका. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

येत्या बैठकीत हप्ता भरून झाला की सगळ्याजणी फोन काढा आणि फाईलच्या नावाची शेवटची अक्षरं एकमेकींना वाचून दाखवा. जिला इंग्रजी वाचता येत नाही, तिला एपीके ही तीन अक्षरं वहीत काढून द्या.