खाड्याचा हिशेब

(देगलूर येथे, नोकरी-मजुरी करणाऱ्या मातांच्या परिचर्या प्रशिक्षणाविषयीच्या परिषदेत केलेले स्वागताध्यक्षीय भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, नांदेड-लातूरच्या नर्सिंग शाळांमधून आलेल्या प्राचार्य आणि शिक्षिका, उपजिल्हा रुग्णालयातला सिस्टरवर्ग, आशाताई, अंगणवाडीताई, आणि ऐन कापूस वेचणीत एका दिवसाचा खाडा करून इथे आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

तुम्हा सगळ्यांचं देगलूरनगरीत मनापासून स्वागत.

आपल्या गावाचा मोठेपणा सांगायची मुभा स्वागताध्यक्षाला असते. मी ती थोडक्यात वापरतो. हे गुंडा महाराजांचं गाव. धुंडा महाराज देगलूरकरांनी कीर्तन-प्रवचनातून या गावाचं नाव पार पंढरपुरापर्यंत नेलं. जवळच होट्टलला चालुक्यकालीन देवळं आहेत. संध्याकाळी वेळ काढून सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, गाडीची सोय आम्ही केली आहे. बाकी देगलूर म्हणजे तीन राज्यांची वेस. इकडे तेलंगणाचं मदनूर, तिकडे कर्नाटकातलं औराद. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषांत घासाघीस चालते, आणि दवाखान्यातल्या खाटेवरचं कण्हणंही याच चार भाषांत ऐकू येतं.

मी आडत दुकानदार. डॉक्टर नाही, प्राध्यापक तर नाहीच. या परिषदेच्या स्वागताध्यक्षपदी माझी निवड झाली तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या. मात्र या विषयात एक हिशेब आहे आणि तो अजून कोणी नीट मांडलेला नाही, असं मला वाटतं. हिशेब हे माझं रोजचं काम, म्हणून तेवढाच मांडतो. आरोग्यशास्त्र मान्यवर सांगतील.

तालुक्याच्या गावी कुठल्याही खाजगी दवाखान्यात जा. तिथे एक मावशी भेटते. सकाळी फरशी पुसते, बाळंतिणीचे कपडे बदलते, सलाईन संपत आलं की डॉक्टरांनी सांगायच्या आधी चकती फिरवून थेंब बंद करते. इंट्राकॅथची जागा सुजली आहे हे तिला पेशंटच्या तोंडाकडे पाहूनच कळतं. कानडी म्हातारीला कानडीत आणि तेलुगू पोराला तेलुगूत दटावते. दहा-बारा वर्षं हे काम केलेलं असतं. रजिस्टरवर सही मात्र दुसऱ्याची आणि पगार झाडूवालीचा. नर्सिंग कौन्सिलच्या दप्तरी तिचं नाव नाही, त्यामुळे तिच्या हाताला कितीही गुण असला तरी कायद्याच्या लेखी ती कोणीच नाही. त्यात एक धोकाही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिला येतं ते पाहून-पाहून आलेलं आहे. औषधाची मात्रा का बदलायची, निर्जंतुक म्हणजे नेमकं काय, हे तिला कोणी बसवून शिकवलेलं नाही. उद्या काही चुकलं तर खापर फुटायचं तिच्याच डोक्यावर.

आपण सगळे म्हणतो, तिला शिकवा. मग ती शिकत का नाही? उत्तर ठरलेलं असतं : फी परवडत नाही. माझं म्हणणं आहे की हे उत्तर अर्धंच आहे.

ए.एन.एम. म्हणजे साहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. बारावी पास लागते, वय 17 ते 35. आता धरा, या मावशीला रोजचे 300 रुपये मिळतात आणि महिन्याचे 25 दिवस भरतात. महिन्याचे झाले साडेसात हजार, दोन वर्षांचे 1 लाख 80 हजार. उद्या एखाद्या संस्थेने फी शून्य केली तरी हे 1 लाख 80 हजार तिच्या घरातून जातातच. वर मूल सांभाळायला कोणी ठेवलं तर तो खर्च निराळा. आपली शिष्यवृत्ती फीच्या पावतीपाशी थांबते. खाड्याची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो कुठल्याच योजनेत दिसत नाही.

योजना नाहीत असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर समोर बसलेले अधिकारी माझ्यावर रागावतील, आणि ते रास्तच होईल. अनुसूचित जातींच्या मुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आहे. 2024 च्या जुलैत शासनाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. मात्र आपण घेणार तो अभ्यासक्रम आणि ती संस्था त्यात बसते का, हे प्रत्येकीने प्रवेशाआधी लेखी विचारून घ्यावं. तोंडी ‘होऊन जाईल ताई’वर विसंबू नये. लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 येतात, तेल-मिठाला ते उपयोगी पडतात, पण त्यातून दोन वर्षांचा खाडा भरून निघत नाही. एस.टी.त 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकीट निम्मं झालं हे खरं. पण वॉर्डची सकाळची ड्युटी गाठायला हाणेगाव-मरखेलकडून हवी त्या वेळी गाडीच नसेल तर त्या सवलतीचं काय करायचं?

इथे कोणी म्हणेल, मग अभ्यासक्रमच सैल करा. आयांसाठी तास कमी करा, हजेरी माफ करा. माझा याला साफ विरोध आहे. परिचारिकेला प्रमाणपत्र मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी 100 टक्के भरावी लागते आणि ती भरलीच पाहिजे. 2023 च्या ऑक्टोबरची सुरुवात आपण कोणी विसरलेलो नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. औषधांच्या तुटवड्याची चर्चा झाली, रिकाम्या जागांची झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या खाटांशेजारी कच्ची शिकलेली परिचारिका उभी राहावी असं इथल्या एकाही आईला वाटणार नाही. तेव्हा सूट अभ्यासात मागायची नाही. दिवस कसा मांडायचा, यात मागायची. तासिका दुपारी ठेवा, देगलुरातच ठेवा. प्रात्यक्षिकं इथल्याच उपजिल्हा रुग्णालयात होऊ द्या. सकाळच्या ड्युटीला गाडी द्या आणि वॉर्डाच्या जवळ पाळणाघर काढा.

पाळणाघराचं नाव काढलं की लोकांना ती चैन वाटते. या देशाच्या कायद्याला ती कधीच चैन वाटलेली नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने 30 हून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर तीच जबाबदारी टाकली. आणि आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीवरून देशाने जो 2005 चा कायदा केला, त्यात तर लिहून ठेवलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे खडी फोडायला गेलेल्या आईच्या लेकराची सोय कायद्याने पाहिली. तीच आई दवाखान्यात नाडी मोजायला शिकायला आली की लेकरू तिचं तिने पाहावं! कारण शिकाऊ बाई ‘कर्मचारी’ नाही. आजच्या परिषदेने ठराव करायचाच असेल तर पहिला याचा करावा.

दुसरा प्रश्न येतो की वय झालेल्या, लेकुरवाळ्या बायका शिकतील का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा परिचर्या म्हणजे खालच्या दर्जाचं काम, असं पांढरपेशा समाज मानत होता. सेवासदनाने प्रौढ बायकांना, विधवांना ससून रुग्णालयात शिकायला पाठवलं आणि त्यांच्या राहण्याचा बंदोबस्तही केला. नुसतं ‘शिका’ म्हणून रमाबाई थांबल्या नाहीत, राहायचं कुठे हेही त्यांनी पाहिलं. मला त्यांचं हे व्यवहारज्ञान फार मोलाचं वाटतं.

मराठवाड्याच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जे उभं केलं, ते तर आणखी पुढचं. गावाने निवडलेल्या बायका, त्यात कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, लेकरंबाळं असलेल्या. ठरावीक दिवशी जामखेडला यायचं, शिकायचं आणि गावी परतून कामाला लागायचं. बाळंतपणं, पोरांचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं या बायकांनी गावोगाव नेलं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने, डॉ. शशिकांत अहंकारींनी, गावातल्याच बायकांमधून भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, घडवल्या, त्याही याच मातीत. शिकवणाऱ्याने वेळापत्रक बाईच्या दिवसाप्रमाणे बसवलं की बाई शिकते, हे आपल्या डोळ्यांसमोर झालेलं आहे.

तरी एक उणीव राहिलीच, आणि ती मी आदराने नोंदवतो. जामखेड-अणदूरच्या या बायकांना ज्ञान मिळालं, गावात मान मिळाला, पण नोंदणी मिळाली नाही. आशाताईंचं आज तेच झालं आहे. 2005 पासून त्या गावाचं आरोग्य डोक्यावर वाहतात. मानधनासाठी संपावर बसावं लागतं आणि इतक्या वर्षांचा अनुभव एक पायरीही पुढे चढायला उपयोगी पडत नाही. ज्या आशाताईने दहा वर्षं बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या, तिला ए.एन.एम.च्या जागांत अग्रहक्क आणि वयात सवलत का नसावी? 35 ची अट पाहूनच आमच्या कितीतरी बायका मागे फिरतात. अठराव्या वर्षी लग्न, पंचविशीपर्यंत दोन लेकरं, ती शाळेत जाऊ लागेपर्यंत तिशी उलटते. त्यात बारावी राहिलेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायची. तोवर वय निघून जातं.

नोंदणीवरून एक सावधगिरीची सूचना. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देतो, अशा पाट्या आता तालुक्यातालुक्यांत लागल्या आहेत. माझ्याकडे हमालीला असलेल्या एका गड्याने बायकोसाठी अशाच एका ठिकाणी कर्ज काढून पैसे भरले. प्रमाणपत्र गुळगुळीत कागदावर छापलेलं मिळालं, नोकरीला गेल्यावर कोणी ते उलगडूनही पाहिलं नाही. छोटे अभ्यासक्रम सगळे खोटे असतात असं मुळीच नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्ण सहायकाचा अभ्यासक्रम आहे, दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत बायकांना 45 वर्षांपर्यंत प्रवेश ठेवला होता. घरी जाऊन रुग्णसेवा करायला, दवाखान्यात मदतनीस व्हायला ते उपयोगी आहेत. पण त्यातून नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही, हे संस्थेने पहिल्याच दिवशी, मराठीत, मोठ्या अक्षरांत सांगायला हवं. प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न एकच : महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता दाखवा. कागद दाखवला नाही तर पैसे कनवटीलाच ठेवा.

आता आमच्या बाजूचं. शासनाकडे मागायचं आणि स्वतः हार-तुऱ्यांवर खर्च करायचा, हे बरं दिसत नाही. म्हणून या वेळी हार नाहीत, फेटे नाहीत. ज्या मान्यवरांना ते खटकलं असेल त्यांनी मोठ्या मनाने घ्यावं. ते पैसे वाचवून आणि बाजारातल्या काही दुकानदारांनी भर घालून एक छोटा निधी केला आहे. त्यातून फी भरायची नाही, फीला इतर वाटा आहेत. शिकणाऱ्या आईचा खाडा भरायचा, दर महिन्याला, तिच्या स्वतःच्या खात्यात, आणि हजेरीपत्रक पाहून. दवाखान्याजवळची एक खोली दोन वर्षं बिनभाड्याने पाळणाघराला द्यायला एक सद्गृहस्थ तयार झाले आहेत, नाव सांगू नका म्हणाले आहेत. पैसा थोडाच आहे. पहिल्या वर्षी मोजक्याच बायकांना पुरेल. कोणाला द्यायचा यावरून उद्या गावात कुरकुरही होईल. होऊ द्या. निवड करणाऱ्या समितीत व्यापारी एकही नसेल, सिस्टर आणि आशाताई असतील, एवढं आम्ही ठरवून टाकलं आहे. नर्सिंग शाळांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की दुपारच्या सत्रात दुसरं काही बोलला नाहीत तरी चालेल, पण देगलूरला प्रात्यक्षिकाची तुकडी कधीपासून आणि किती जणींची, याचा आकडा आणि तारीख सांगून जा.

सभागृहाच्या मागच्या खोलीत लेकरांची सोय केली आहे, तिथे दोन अंगणवाडीताई आहेत. जेवण एकला. गावाकडच्या गाड्या चुकू नयेत म्हणून समारोप चारच्या आत उरकायचा आहे, तेव्हा वक्त्यांनी घड्याळाकडे पाहावं. मी माझी वेळ बरीच खाल्ली आहे. सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि अध्यक्षांनी सभेची सूत्रं हाती घ्यावीत अशी विनंती करतो.