आत्या, चालत नाही

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तो मी परत केला. माझ्या वाटचालीत पुणे ते कासुर्डी या रस्त्याशिवाय सांगण्यासारखं फार नाही. त्याऐवजी तुमच्या मुलांबद्दल बोलते, कारण गेली काही वर्षं संध्याकाळी ती मला फोन करतात. कुणी डिप्लोमाला आहे, कुणी बीसीएला, कुणी बीएस्सीला. प्रोजेक्ट बहुतेक पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये असतो. मित्रांची मुलं मला आत्या म्हणतात, मैत्रिणींची मावशी. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच, “आत्या, चालत नाही.” सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो येतो आणि त्यात चुकीचा संदेश नेमका कापलेला असतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेबसाइटवर आपण फॉर्म भरतो, तो आत घेऊन पुढची कामं करणारा कारकून म्हणजे पीएचपी. तो ज्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये नोंद करतो ते कपाट म्हणजे डेटाबेस. कारकून चुकला तर कुठे चुकला हे तो स्वतः सांगतो, ओळीच्या नंबरासकट. पण सांगतो इंग्रजीत. आणि आपल्याकडच्या मुलांचं तिथेच अडतं. इंग्रजी दिसलं की ती ठरवून टाकतात की हे आपल्यासाठी नाही, आणि वाचायच्या आधी खिडकी बंद करतात. काही जण तर संदेश दिसूच नये अशी सोय करून ठेवतात. मग पान पांढरं फटक येतं आणि ते पाहून आणखी घाबरतात. म्हणून मी पहिल्यांदा म्हणते, “वाच. मोठ्याने वाच. मला ऐकू दे.” निम्मी मुलं वाचता वाचताच “अरे हो” म्हणतात आणि फोन ठेवतात.

संदेश कधी कधी थोडा फसवतोही. चूक पंधराव्या ओळीवर आहे असं तो म्हणतो, मूल पंधरावी ओळ दहा वेळा तपासतं, ती बरोबरच असते. अर्धविराम राहिलेला असतो चौदाव्या ओळीच्या शेवटी. किंवा ‘मायएसक्यूएल कनेक्ट नावाचं फंक्शन सापडत नाही’ असं येतं आणि मूल म्हणतं, पुस्तकात तर तसंच दिलंय. पुस्तक जुनं असतं. २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून ती जुनी फंक्शनं काढूनच टाकली. चूक मुलाची नसते, पण रात्रभर ते स्वतःलाच ढ समजत बसतं.

संदेशच नसला आणि तरीही काम होत नसलं तर काय करायचं, हे आपल्याला शाळेच्या आधीपासून येतं. उसाला दारं धरताना शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही तर आपण नवी मोटार आणत नाही. पाटाने मागे मागे येतो आणि कुठे फुटलंय ते बघतो. तुमची मुलं मात्र सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात! मी त्यांना पाटावर तीन ठिकाणी उभं करते. फॉर्ममधून आलेली माहिती पीएचपीपर्यंत पोचली का, ती छापून बघ. डेटाबेसला पाठवायचं वाक्य नक्की काय तयार झालं, तेही छाप आणि हाताने चालवून बघ. मग उत्तर काय आलं ते बघ. बहुतेक वेळा पाणी पहिल्याच ठिकाणी फुटलेलं असतं. फॉर्ममध्ये रकान्याचं नाव एका स्पेलिंगने लिहिलेलं असतं, प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या.

आता आजच्या मेळाव्याचीच गोष्ट. नोंदणीचा फॉर्म आपल्यातल्याच एकाच्या मुलीने केला, ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिची परवानगी घेऊन सांगते. पहिल्या दिवशी तुमच्यापैकी काहींना उत्तर आलं, ‘नमस्कार, प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह’. ते का झालं? तिने टेबलचा नमुना जुन्या पुस्तकातून घेतला होता आणि त्यात लॅटिन लिपीची मांडणी होती. मायएसक्यूएलने स्वतःहून सगळ्या लिप्या चालतील अशी मांडणी धरायला सुरुवात केली ती २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून. मांडणी लॅटिन असली की देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, आणि एकदा लिहिलं गेलं की मूळ नाव परत मिळत नाही. ती नावं तिने फोन करून पुन्हा विचारली. देवनागरीचं आणखी एक सांगते, गंमत म्हणून. ‘कासुर्डी’ या शब्दात आपल्याला अक्षरं दिसतात तीन. संगणकाला काने, मात्रा, पाय मोडण्याच्या खुणा धरून आठ दिसतात. आणि पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन सांगतं २४, कारण ते बाइट मोजतं. त्याच्या भरवशावर नाव कापलं तर अक्षराचे तुकडे होतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच झाला, २१४७४८३६४७. तिला वाटलं कुणीतरी खोडी काढली. पण साध्या पूर्णांकाच्या रकान्यात मावणारा हा सर्वांत मोठा आकडा आहे. आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात, म्हणजे सगळेच त्याहून मोठे. डेटाबेसचे कडक नियम चालू असतील तर तो नोंद नाकारतो. बंद असतील तर मुकाट्याने मावेल तेवढं लिहून मोकळा होतो. फोन नंबर अक्षरांच्या रकान्यात ठेवायचा असतो, त्याची बेरीज थोडीच करायची आहे?

आणि वाढदिवस. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा, हे तुम्हाला माहीत आहेच. पण यादीत ते सगळे ६ जानेवारीचे निघाले. तारखेत तिरकी रेघ असली की पीएचपी ती अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना आणि मग दिवस. आडवी रेघ असली की आपल्यासारखं वाचतं. १५/०८ लिहिणाऱ्यांचं तर अजून वाईट झालं. पंधरावा महिना नसतो, म्हणून तारीख वाचताच आली नाही आणि जन्म थेट १ जानेवारी १९७० ला गेला. त्या दिवसापासून संगणकाचा काळ मोजला जातो. आपल्यातले काही जण एका रात्रीत दहा-बारा वर्षांनी मोठे झाले.

हे सगळं ती मला रडत सांगत होती. तेव्हा मी तिला माझी गोष्ट सांगितली, ती आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगते. पहिल्या नोकरीत मला एका ग्राहकाचा पत्ता बदलायचा होता. अपडेटचं वाक्य लिहिलं आणि त्याला ‘वेअर’ची अट लावायची राहिली. एका क्षणात सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला. तेव्हाच्या त्या टेबलांना मागे फिरण्याची सोय नव्हती. मी दुपारचे तीन तास कुणालाही सांगितलं नाही. नुसती स्क्रीनकडे बघत बसले. तेवढ्या वेळात शेजारच्या दोघी नव्या नोंदी भरतच होत्या, आणि संध्याकाळी आदल्या रात्रीची प्रत चढवली तेव्हा त्यांचं दिवसभराचं काम गेलं. मी लगेच बोलले असते तर निदान दुपारनंतरचं तरी वाचलं असतं. आम्ही तिघींनी बसून ते पुन्हा भरलं. त्यांच्यातली एक दौंड शटलने जाणारी होती, तिची गाडी चुकली. ती मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून बदल करण्याआधी त्याच अटीने नुसती यादी काढून बघते, किती ओळी येतात ते मोजते, आणि मगच पुढे जाते.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी आज बोलायला उभी राहिले. शाळेचं जनरल रजिस्टर आणि आलेले फॉर्म जुळवून त्या मुलीने आपल्या तुकडीची यादी काढली. तेवीस नावं आली. त्यात मुली चार. मी म्हटलं, “असं कसं? आम्ही वर्गात एकोणीस होतो.” प्रोग्रॅममध्ये संदेश काहीच नव्हता, सगळं व्यवस्थित चाललं होतं. तिने जुळणी पूर्ण नावावर केली होती. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, फॉर्मवर सासरचं. फॉर्म भरूनही आम्ही यादीतून गळालो होतो. त्या चौघींनी माहेरचं आडनाव ठेवलं होतं, म्हणून त्या राहिल्या. नाव बदलू शकतं, म्हणून ओळख नावावर ठेवायची नसते. रजिस्टरचा नंबर बदलत नाही. तिने फॉर्मवरच्या प्रत्येकीला फोन करून रजिस्टरमधला नंबर शोधून लावला, तेव्हा आम्ही अकरा जणी झालो.

उरलेल्या आठ जणींनी फॉर्मच भरलेला नाही. डेटाबेसमध्ये दोन याद्या जोडायच्या दोन पद्धती असतात. एका पद्धतीत दोन्हीकडे सापडतात तेवढेच दिसतात. दुसरीत रजिस्टरमधलं प्रत्येक नाव येतं आणि जिथे माहिती नाही तिथे रकाना रिकामा राहतो. पहिली यादी दिसायला नीटनेटकी असते. मी तिला दुसरी काढायला सांगितली.

ती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवली आहे. मुलगेही आहेत तिच्यात, पण मुलींचे रकाने जास्त रिकामे आहेत. कुणी यवतला दिली होती, कुणी पाटसला, एकीचं लग्न दहावीच्या सुट्टीतच झालं होतं. कुणाची जाऊ, कुणाची नणंद तुमच्या ओळखीची असेल. बाईंना तर नक्कीच काही आठवेल. यादीशेजारी पेन ठेवलं आहे. फोन नंबर नसला तर नुसतं गावाचं नाव लिहा.