मळा सरकारचा, सातबारा कुणाचा?

(मोरगाव इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मोरगाव म्हटलं की लोकांना मयूरेश्वर आठवतो. बारामती म्हटलं की ऊस आठवतो. पण तो ऊस नीरा डाव्या कालव्याखालचा. इकडं कऱ्हेकाठाला जिरायत. इथल्या भूमिहीनाच्या पोरानं एक तर पुणं-मुंबई गाठायची, नाहीतर दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचं.

आता शहाणी माणसं म्हणतात, शेती सामाजिक करा. बेकार, विधवा, अपंग यांना शेतावर काम द्या. द्या की! पण शेत कुणाचं, ते आधी सांगा.

शेजारच्या इंदापुरात असला एक प्रयोग होऊन गेलाय. १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. खाजगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडं आले. ते सलग कसायला १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. वालचंदनगरजवळचा रत्नपुरी मळा त्यातलाच. मालक सरकार. राबायला बाया-माणसं. काम मिळालं, नाही कोण म्हणतो? खुरपता खुरपता माणसं म्हातारी झाली.

पुढं ज्यांनी पूर्वी कारखान्यांना जमिनी खंडानं दिल्या होत्या, ते खंडकरी शेतकरी जमिनी परत मागायला उठले. त्यांची मागणी खोटी नव्हती. २०१२ पासून त्यांना वाटप सुरू झालं. ज्याचं नाव कागदावर, त्याला रान. कामगाराचं नाव फक्त हजेरीपटावर! तो राहत्या जागेपुरते दोन गुंठे मागत मोर्चे काढत राहिला.

बाबासाहेबांनी १९४७ सालीच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये वेगळी शेती मांडली होती. जमीन राज्याची. कसायला गावातल्या कुटुंबांना, जातपात न बघता. कसायची सगळ्यांनी मिळून. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी राज्यानं पुरवायचं. राज्याचं देणं भागवून उरलेलं पीक कसणारांनी वाटून घ्यायचं. महामंडळात यातलं निम्मंच झालं. राज्य मालक झालं, पण कसणारा मजूरच राहिला.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह पेटवला. त्यांच्या नावानं २००४ साली सबळीकरण योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण ती जमीन सरकार विकत घेऊन देणार. म्हणजे आधी विकणारा पाहिजे. कालव्याखालचं रान महारवाड्यासाठी कोण सोडतो?

मी गोदीत काम करतो. तिथं एके काळी तोलीवाल्याच्या मर्जीवर चूल पेटायची. १९४८ च्या कायद्यानं कामगारांची नोंदणी आणली, तेव्हा कुठं माणूस त्या मर्जीतनं सुटला. नुसत्या कामानं माणूस सुटत नाही. हक्क लेखी लागतो.

म्हणून आपली मागणी साधी. महामंडळ उरलेल्या जमिनी टेंडर काढून संयुक्त शेतीला देतं. टेंडर म्हणजे पैशाची बोली, तिथं आपला पाड लागत नाही. त्यातली जमीन बोलीशिवाय भूमिहीनांच्या गटाला द्या. दहा-वीस घरांचा गट. त्यात विधवेचं नाव, अपंगाचं नाव, झेपेल ते काम. हिशोबाची वही गटाकडं. कराराच्या कागदावर प्रत्येकाचं नाव, बाईचं आधी.

उद्या तहसीलला जा. सरकारच्या नावावर कुठं किती जमीन आहे, त्याचे उतारे काढा. यादी करा. यादी हातात असली की साहेब खुर्चीतनं उठून बोलतो.

रोज तर आपल्या आज्यालाही मिळत होता. आपल्याला वाटा पाहिजे.

जयभीम!