फळी बसवण्याआधी पाणी मोजा

मी मुंबईची, वरळीच्या बीडीडी चाळीतली. आमची खोली १६० चौरस फुटांची, पाणी पिंपात भरून ठेवायचं. घरचा पोहायचा हौद आम्ही कुठला बघणार? पण रायगड जिल्ह्यातल्या माझ्या नणंदेनं तो बांधला. घराच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते. हौद साडेचार फूट खोल.

गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "वहिनी, पाहुणे विचारतात, उडी मारायला फळी नाही का? सुतार तयार आहे. बसवू?"

मी म्हटलं, "वन्सं, आधी आमच्या चाळीतली गोष्ट ऐका."

आमच्याच मजल्यावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा मे महिन्यात गावी गेला. दरवर्षीच्याच विहिरीत त्यानं सूर मारला. पाणी किती आटलंय, ते कुणी पाहिलं नव्हतं. डोकं खडकावर आपटलं, मान मोडली. जीव वाचला, पण मानेखालचं अंग गेलं. खोली तिसऱ्या मजल्यावर, चाळीला लिफ्ट नाही. दवाखान्यात न्यायचं तर चार पोरं त्याला खुर्चीत बसवून जिना उतरायची. त्याची आई रात्री उठून उठून त्याची कूस बदलायची.

आता हिशेब ऐका. एक मीटर उंचीवरून पडणारं माणूस पाण्याला लागतं तेव्हा त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटर असतो, म्हणजे चांगल्या पळवलेल्या सायकलीएवढा. साडेचार फूट पाणी त्याला थांबवू शकत नाही. स्पर्धेच्या तलावात एक मीटर उंचीच्या फळीखाली निदान ३.४ मीटर, म्हणजे सुमारे अकरा फूट पाणी लागतं. शिवाय फळीच्या टोकापुढे पाच मीटरपर्यंत जवळजवळ तेवढीच खोली हवी. हौद तेवढा खणला, तर पोहता न येणारं पोर बुडायची भीती. म्हणून घरच्या हौदाला फळी नकोच.

विहीर आणि शेततळ्यालाही हेच लागू. उन्हाळ्यात पाणी रोज उतरतं, तळाचा दगड वरून दिसत नाही. अनोळखी किंवा गढूळ पाण्यात डोकं खाली करून उडी मारायचीच नाही. शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही, म्हणून कुंपण घाला आणि गाठी मारलेला दोर काठाला बांधून पाण्यात सोडून ठेवा.

तरीही कुणाला मार लागलाच, तर हात धरून ओढू नका, बसवू नका. तोंड पाण्याबाहेर ठेवा, डोकं, मान, पाठ एका रेषेत धरा, अंगाखाली फळी सरकवा आणि १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर मात्र वाट बघू नका. मान शक्य तितकी सरळ धरून लगेच बाहेर काढा आणि तोंडानं श्वास द्यायला लागा.

नणंद म्हणाली, "पण पाहुणे दुसरीकडे गेले तर?" मी म्हटलं, "एक अपघात झाला, तर एकही यायचा नाही."

तिनं हौदाच्या भिंतीवर खोली रंगवून घेतली, "सूर मारू नये" असं मोठ्या अक्षरात लिहिलं. आणि सुतारानं त्या फळीचं बाकडं केलं. पोरं पाण्यात असली की घरातलं एक मोठं माणूस त्यावर बसून असतं. हातात मोबाईल नाही, नजर पाण्यावर.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावच्या विहिरीत आज पाणी किती आहे?