गर्भिणीच्या पोटावरील रेघा
(महिला संमेलनातील भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. गेल्या चैत्रात नात्यातल्या एका मुलीने मला आत बोलावून विचारले, "मावशी, पोटावरच्या या रेघा कधी जातील हो?" विचारताना तिने मान वर केली नाही. ही गोष्ट आता माजघरातच राहू द्यायची नाही, असे मी तेव्हा ठरविले.

बहुतेक गर्भिणींच्या पोटावर, स्तनांवर वा मांड्यांवर सहाव्या-सातव्या महिन्यापासून या रेघा उमटतात. त्वचा ताणली जाते आणि तिच्या आतल्या थरातील लवचीक तंतू तुटतात. आरंभी तांबूस-जांभळ्या असणाऱ्या रेघा प्रसूतीनंतर काही महिन्यांत फिक्या, रुपेरी होतात. समूळ मात्र क्वचितच जातात. आईला असल्या तर मुलीला होण्याचा संभव अधिक, आणि कोवळ्या वयाच्या गर्भिणीस तर विशेष. तेव्हा सुनेने तेल लावण्यात हयगय केली म्हणून रेघा पडल्या, हा सासूबाईंचा निवाडा अन्यायाचा आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात यास 'किक्किस' म्हटले आहे. गर्भाला केस फुटू लागले की आईला दाह होतो, असे स्त्रिया बोलतात. पण ते खरे नव्हे, गर्भाच्या दाबाने दोष वर सरकून दाह व कंड होते, असा आत्रेयांचा निर्णय तेथे दिला आहे. खाजवू नये, त्वचा विरूप होते, असेही सांगितले आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी ज्या नगरात 1917 साली आयुर्वेदाचे महाविद्यालय काढले, त्याच आपल्या नगरात ते केसांचे बोलणे अजून चालू आहे, याची गंमत वाटते!

खोबरेल किंवा तिळाचे तेल हलक्या हाताने अवश्य लावावे; त्वचा मऊ राहते, खाज शमते. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात 6 चाचण्यांतील 800 स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा कोणत्याही मलमाने रेघा निश्चित टळतात असा पुरावा आढळला नाही. मग महागड्या बाटल्यांचे पैसे दूध-फळांकडे वळवावेत. रेटिनॉइड असलेली मलमे गर्भारपणात वर्ज्य होत. दुकानदाराने दिलेले स्टिरॉइडचे मलम तर त्वचा पातळ करून स्वतःच रेघा पाडते. पोट वाढू नये म्हणून अर्धपोटी राहणे, हा त्याहून मोठा अविचार.

आता मुख्य गोष्ट. एका लेकीला आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना रात्रभर खाज सुटे. अंगावर पुरळ नाही. घरचे हसून म्हणत, "बाळाला जावळ दाट येणार." आठवड्याने रक्त तपासले, तेव्हा यकृतातील पित्ताचा निचरा अडल्याचे कळले. या विकारात बाळ पोटातच दगावण्याचे भय असते. तिची प्रसूती डॉक्टरांनी थोडी आधी केली. बाळ सुखरूप आहे. अशी खाज पोटाच्या रेघांची नव्हे; तिला त्याच दिवशी दवाखाना दाखवावा.

जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम आरंभिले आणि खेड्यांतील निरक्षर स्त्रियांना गर्भिणींची काळजी घेण्यास शिकविले. आपण तर शिकलेल्या आहोत. आज घरी गेल्यावर सुनेला, लेकीला एवढेच विचारा: रात्री खाज सुटते का, आणि कुठे?