मोटारसफाईचीं द्रावकें



मोटारीच्या ब्रेकला वंगण चिकटलें कीं त्याची पकड कमी होते. म्हणून गॅरेजांत डब्यांतील एक द्रव त्यावर फवारतात. तो वंगण विरघळवितो आणि क्षणांत सुकतो. डागहि मागें राहत नाहीं. परंतु सुकलेला द्रव जातो कोठें?

पुष्कळ वर्षें अशा डब्यांत क्लोरीनयुक्त द्रावकें असत. कांहींत अद्यापिहि असतात. ट्रायक्लोरोएथिलीन, परक्लोरोएथिलीन व मेथिलीन क्लोराइड हीं त्यांतील प्रमुख होत. तीं सहसा पेट घेत नाहींत, हा त्यांचा गुण. दोष मात्र श्वासावाटे शरीरांत शिरतो. बंद जागेंत वाफ सांठली म्हणजे डोकें दुखतें, घेरी येते. दीर्घकाळ संबंध आल्यास यकृतास व मज्जातंतूंस इजा पोंचते. मेथिलीन क्लोराइडपासून तर शरीरांतच कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. ट्रायक्लोरोएथिलीन मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करतें, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. अशा द्रवानें ओल्या भागावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन वायु निर्माण होऊं शकतो. पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडला गेला, तोच हा वायु.

जो अंश जमिनींत मुरतो, तो पाण्याहून जड असल्यामुळें भूजलाच्या तळाशीं उतरतो व वर्षानुवर्षें तेथेंच ठाण मांडतो. अमेरिकेंतील वोबर्न गांवच्या दोन विहिरी ट्रायक्लोरोएथिलीन आढळल्यामुळें १९७९ सालीं बंद कराव्या लागल्या. तेथील दोष मोटारसफाईचा नसून कारखान्यांचा होता. द्रव्य मात्र हेंच.

कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळानें २००० सालीं मोटारसफाईच्या द्रवांत या तिन्ही द्रव्यांस बंदी करणारा नियम मंजूर केला. पण पर्यायी डब्यांपैकीं कांहींत हेक्झेन होतें, आणि तें वापरणाऱ्या कारागिरांच्या हातापायांस बधिरता आल्याचीं उदाहरणें २००१ सालीं प्रसिद्ध झालीं. तात्पर्य, ‘क्लोरीनविरहित’ एवढी अक्षरें म्हणजे अभयवचन नव्हे.

खरा उपाय साधा आहे. तबकांत साबणाचें पाणी घेऊन ब्रशानें घासावें. वेळ थोडा अधिक लागतो इतकेंच. फवारा वापरणें भागच पडलें, तर डब्यावरील घटक वाचावे, काम उघड्यावर करावें, आणि उरलेला द्रव गटारांत ओतूं नये.

आपली मोटार दुरुस्तीस जाते वर्षांतून एकदोनदां; कारागीर ती वाफ रोज हुंगतो. ‘लवकर करून द्या’ असें त्यास सांगतांना त्या घाईची किंमत कोण देतो, याचें स्मरण आपण ठेवावें.